कँटीनमागची जमीन

मार्च महिन्यातल्या एका मंगळवारी पिवळी जाकिटं घातलेली दोन माणसं स्कॉटलंडमधल्या ड्रमशील या कोळसाखाणीच्या गावात वेल्फेअर हॉल नावाच्या सभागृहामागे गवतात लाकडी खुंट्या ठोकायला लागली, आणि नेटा हॅडोनं हातातला चहा तसाच ओट्यावर ठेवला. तिच्या मागच्या खिडकीतून ती जागा पूर्ण दिसायची. पहिल्या खुंटीपासून चौथीपर्यंत ती एका जागी उभी होती. पाचवी खुंटी ठोकली गेली तेव्हा तिनं कोट चढवला.

"काय चाललंय?" कुंपणाशी जाऊन तिनं विचारलं.

"घरं होणारेत, आजी. आठ. म्हाताऱ्या माणसांसाठी. सगळं एकाच मजल्यावर, जिने नाहीत."

"कुणी सांगितलं?"

 तो माणूस हसला आणि पुन्हा दोरी ताणायला वाकला. नेटा घरी आली. चहा गार झाला होता, तोच तिनं प्यायला.

नेटाचा कशावरच चटकन विश्वास बसत नसे, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. दुधाच्या बाटलीवरची तारीख, हवामानाचा अंदाज, नवा पाद्री, जुना डॉक्टर, यातलं काहीच ती वास घेतल्याशिवाय पुढे जाऊ देत नसे. लग्नाच्या दिवशी मॅटनं अंगठी दिली तेव्हा तिनं ती उजेडाकडे धरून पाहिली, अशी गोष्ट मॅट मरेपर्यंत सांगायचा. नेटा ती कधी नाकारत नसे.

या स्वभावानं एकदा एका माणसाचा जीव वाचला होता.

एकाहत्तर सालची ती गोष्ट. खाण तेव्हा तीन पाळ्यांत चालत होती आणि नेटा खाणीच्या कँटीनमध्ये कामाला होती. पाळी सुटली की काळी तोंडं घेऊन माणसं आधी तिच्याकडे यायची, मग अंघोळीला जायची. कोण किती साखर घेतो, कुणाला कडक पाव चालतो आणि कुणाचे दात दुखतायत, हे तिला पाठ होतं. अर्ची पर्डी नावाचा एक तरणाबांड खाणकामगार होता. तीन चमचे साखर आणि मटणाचं सारण भरून भाजलेली पेस्ट्री, तीही कडेनं करपलेली. त्या दिवशी सकाळी खाली जाताना तो सांगून गेला होता, "नेटा, करपलेली माझ्यासाठी ठेव हं." तिनं ठेवली. पाळी सुटली, शंभर माणसं चहा पिऊन गेली, पेस्ट्री तशीच राहिली.

नेटा हात पुसत मुकादमाकडे गेली.

"अर्ची वर आलेला नाही."

मुकादमानं भिंतीवरच्या फळीकडे बोट केलं. वर आलेला प्रत्येक माणूस आपला पितळी बिल्ला त्या फळीवर टांगायचा. अर्चीचा बिल्ला तिथं होता. "हा बघ. आलाय तो. गेला असेल घरी."

"बिल्ला चहा पीत नाही," नेटा म्हणाली.

मुकादम हसला, आजूबाजूचे चौघं हसले. तेव्हा नेटानं अ‍ॅप्रन सोडला आणि भर पावसात मैलभर चालत अर्चीच्या घरी गेली. त्याची बायको बटाटे सोलत होती. अर्ची आला नव्हता. नेटा तशीच उलटी फिरली आणि मुकादमाच्या खोलीच्या दारात उभी राहिली. खाली माणसं पाठवीपर्यंत हलणार नाही, एवढंच म्हणाली. माणसं गेली. दोन तासांनी त्यांनी अर्चीला वर आणलं. एका जुन्या बोगद्यात छताचा दगड त्याच्या पायावर बसला होता. त्याचा कोट दुसऱ्या कुणीतरी आपला समजून उचलला होता आणि खिशातला बिल्लाही इमानदारीनं फळीवर टांगला होता.

अर्ची जगला, जन्मभर थोडा लंगडला. आणि नेटाच्या संशयाला गावात वजन आलं. ती म्हणाली की कुठेतरी पाणी मुरतंय, तर लोक मुरत असलेलं पाणी शोधायला लागायचे. तिलाही ते आवडायला लागलं होतं. तिथंच चुकलं.

चौऱ्यांशीचा खाणकामगारांचा संप सुरू झाला तेव्हा वेल्फेअर हॉलमध्ये सगळ्या गावाची चूल एकत्र पेटली. बार्लीचं सूप, खिमा आणि कुस्करलेले बटाटे. डाव नेटाच्या हातात. पहाटे माणसं गाड्यांत बसून दुसऱ्या खाणींच्या फाटकांवर धरणं द्यायला जायची. कुठे जायचं ते आदल्या संध्याकाळी ठरायचं आणि पाच-सहा जणांनाच माहीत असायचं. तरी लागोपाठ तीनदा पोलीस आधीच चौकात उभे. कुणीतरी आतला माणूस फुटला होता.

नेटानं त्या आठवड्यांत एब लँबीला तीनदा चर्चजवळच्या टेलिफोनच्या लाल खोक्यात पाहिलं. तिन्ही वेळा संध्याकाळी सहाच्या सुमारास. दाराकडे पाठ, तोंडावर हात. कुठे जायचं हे ठरवणाऱ्या पाच-सहा जणांपैकी एब एक होता. त्याची बायको जेसी ही नेटाची शाळेपासूनची मैत्रीण. दोघींनी एकाच बाकावर बसून पाढे घोकले होते. नेटाच्या मनात पाल चुकचुकली आणि दोन दिवस ती गप्प बसली. तिसऱ्या दिवशी गाजरं सोलताना शेजारच्या बाईला म्हणाली, "एब रोज सहाला कुणाशी बोलतो गं?"

एवढंच. याच्यापुढे एक शब्द नाही. संध्याकाळपर्यंत गावात दुसरं बोलणं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी एब वाडगा घेऊन रांगेत उभा राहिला. त्याची पाळी आली. नेटानं डाव सुपात बुडवला, भरला, आणि त्याच्या मागच्या माणसाच्या वाडग्यात ओतला.  हॉलमध्ये चमच्यांचा आवाजसुद्धा थांबला होता. एबनं रिकामा वाडगा टेबलावर उपडा ठेवला आणि तो निघून गेला. त्या दिवसापासून त्याच्याशी कुणी बोललं नाही. दुकानात एब-जेसीच्या मागे उभी असलेली माणसं बाहेर जायची. दारावर कुणीतरी डांबर फासलं.

संप मोडल्यावर दोन महिन्यांनी लँबी कुटुंब सामान बांधून इंग्लंडात कॉर्बीला निघालं. निघायच्या सकाळी जेसी नेटाच्या दारात आली. नेटाचं केक भाजायचं एक भांडं तिच्याकडे राहिलं होतं, ते परत करायला.

"आमची मोराग ग्लासगोच्या इस्पितळात होती," जेसी म्हणाली. आवाज अगदी साधा. "स्वतःच्याच जिवावर उठली होती पोर. सतरा वर्षांची. सहा वाजता तेवढं तिच्याशी बोलू द्यायचे. गावात कळू नये म्हणून एब त्या खोक्यात जायचा."

नेटानं भांडं घ्यायला हात पुढे केला.

"तू विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं," जेसी म्हणाली, आणि भांडं पायरीवर ठेवून गेली.

पोलिसांना कोण सांगत होतं हे कधीच कळलं नाही. पुढच्या वर्षी खाण बंद झाली, कँटीन पाडलं गेलं, आणि ज्या पाच-सहा जणांना माहीत असायचं त्यांतले बहुतेक एकेक करून दफनभूमीत गेले. नेटा प्रत्येकाच्या अंत्यविधीला गेली आणि प्रत्येक वेळी शवपेटीकडे पाहून तिच्या मनात एकच प्रश्न यायचा. पण तोंड तिनं शिवून टाकलं होतं. संशय यायचे, पूर्वीसारखेच यायचे. ते ती गिळायची.

म्हणूनच खुंट्या ठोकल्या त्या दिवशी ती घरी येऊन गार चहा प्यायली आणि काही बोलली नाही.

पण तिला झोप लागेना. ती जागा तिला माहीत होती, खाणीचं कँटीन तिथंच होतं. कँटीनच्या मागच्या दाराशी उभं राहून तिनं वीसेक वर्षं बटाट्यांची सालं पिंपात टाकली होती. हिवाळ्यात सगळीकडे बर्फ साचायचं, पण मागच्या दारापासून थोड्या अंतरावर एक गोल तुकडा होता, मोठ्या खोलीएवढा, तिथं बर्फ टिकत नसे. गावातली मांजरं तिथं येऊन पसरायची. जुन्या स्वयंपाकिणीनं तिला सांगितलं होतं, "खाली हवेची विहीर आहे गं, पहिल्या खाणीत हवा खेळवायला खणलेली, तिची ऊब वर येते. वर फळ्या टाकून माती लोटलीय. तिथं पाय ठेवू नकोस." आता दोरी बरोबर त्या तुकड्यावरून गेली होती. निदान तिला तरी तसं वाटत होतं. कँटीन नव्हतं, दार नव्हतं, तेहतीस वर्षांचं गवत होतं.

तिची मुलगी लॉर्ना रविवारी आली, तिला तिनं सांगून पाहिलं.

"आई, त्यांच्याकडे नकाशे असतात. यंत्रं असतात."

"असतील."

"मग कशाला उगाच? आधीचं पुरे नाही का झालं?"

नेटानं बशा आवरल्या. लॉर्ना वाईट हेतूनं बोलली नव्हती, पण बोलली होती ते खरं होतं. एकदा तिच्या डोळ्यांनी पाहिलेलं खरं निघालं होतं आणि एकदा खोटं. या वेळी कुठलं, हे तिला स्वतःलाच सांगता येत नव्हतं.

त्या आठवड्यात तिनं जेसीला पत्र लिहिलं. चौतीस वर्षांत पहिलं. पत्ता पाद्रीबाईंकडून मिळाला. पत्रात जमिनीबद्दल काही नव्हतं. माझ्या हातून जे झालं त्याची मला रोज आठवण होते, असं दोन-तीन वाक्यांत लिहिलं होतं, आणि एब कसा आहे असं विचारलं होतं. तीन आठवड्यांनी एक कार्ड आलं. त्यावर जेसीचं शाळेतलंच गोल अक्षर होतं. "एब सहा वर्षांपूर्वी गेला. त्यानं तुला कधी शाप दिला नाही. मी दिला. मोरागला तीन मुलं आहेत, बरी आहे. जेसी."

नेटानं ते कार्ड चार वेळा वाचलं. मग कोट घातला आणि थेट वेल्फेअर हॉलकडे गेली. तिथं एका खोलीत त्या घरांचा इंजिनियर बसायचा. टेनंट नाव होतं. तिशीतला, नम्र, नीट दाढी केलेला.

"मला एक विचारायचंय," नेटा म्हणाली. "माझं चुकत असेल. पण विचारते."

त्यानं तिचं सगळं ऐकून घेतलं. मग नकाशा पसरला. "हे पाहा, मिसेस हॅडो. तुमची विहीर आहे, आम्हाला माहीत आहे. कँटीनच्या भिंतीपासून पश्चिमेला तीस पावलं. म्हणजे ती इथं, गाड्या उभ्या करायच्या जागेच्याही पलीकडे. तिथं आम्ही काहीच बांधत नाही."

"दारातून तीस पावलं नव्हतं ते. सालं टाकायला मी तीस पावलं कधीच गेले नाही. दहा असतील."

"नकाशा मोजून काढलेला आहे. खाली सही आहे."

"कुणाची?"

"त्या वेळच्या सर्व्हेअरची."

"तो हिवाळ्यात आला होता का?"

टेनंट हसला. कुत्सितपणे नाही, पण हसला. गावसभेत मात्र लोक तेवढे नम्र नव्हते. ज्यांची नावं घरांच्या यादीत होती ते पुढच्या रांगेत बसले होते. नेटा उठून बोलायला लागली तशी मागून कुणीतरी म्हणालं, "नेटा, आता कुणाला पाहिलंस टेलिफोनच्या खोक्यात?" थोडे हसले. बरेचसे हसले नाहीत, खाली बघत राहिले, आणि नेटाला ते हसण्यापेक्षा जास्त लागलं. तिनं आपलं वाक्य पूर्ण केलं आणि ती बसली.

बाहेर पडताना अर्ची पर्डी काठी टेकत तिच्या शेजारून चालायला लागला. यादीत त्याचं नाव तिसरं होतं. बायको जाऊन चार वर्षं झाली होती आणि त्याच्या घराचा जिना त्याला आता चढवत नव्हता.

"तू माझं घर घालवणार तर," तो म्हणाला.

"माझं चुकत असेल, अर्ची."

"असेल. मागल्या वेळी तुझ्या डोक्यात आलं तेव्हा मी दगडाखाली होतो. तेव्हा मला तुझं पटलं होतं." तो थोडा थांबला, श्वास घेतला. "एक सांग. कुठलं कँटीन?"

"म्हणजे?"

"पहिलं जळालं ना. अठ्ठावन्नला. माझा बाप आग विझवायला गेला होता. तुझं कँटीन दुसरं. ते अंघोळीच्या बाजूला सरकवून बांधलं."

नेटा रस्त्यातच उभी राहिली. "नकाशा कुठल्या सालचा?"

"मला काय विचारतेस? तूच पाहिलास."

नकाशा छप्पन्नचा होता, म्हणजे त्यातली तीस पावलं पहिल्या कँटीनपासूनची, आणि टेनंटच्या माणसांनी ती दुसऱ्याच्या पायापासून मोजली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी नेटानं टेनंटला ते सांगितलं तेव्हा तो पहिल्यांदाच हसला नाही. पण जळलेल्या कँटीनचा कागद कुठल्याच कपाटात सापडला नाही, आणि दोन म्हाताऱ्यांच्या आठवणीवर काम थांबवायला त्याचे वरचे लोक तयार नव्हते. पाया डिसेंबरात घ्यायचा हे ठरलेलं होतं.

नेटानं मग एकच केलं. नोव्हेंबरपासून रोज सकाळी उठल्याबरोबर ती मागच्या खिडकीशी जायची. पाऊस, पाऊस, धुकं, पाऊस. त्या वर्षी थंडी लांबली. रोज खिडकीतून परतताना तिला वाटायचं, बरं झालं, दिसलं नाही. आणि रोज वाटायचं, दिसायला हवं. एकोणतीस तारखेला उजाडलं तेव्हा सगळं गवत पांढरं होतं. हिमकण इतके दाट की कुंपणाची तारसुद्धा जाड दिसत होती. आणि आठ घरांच्या खुंट्यांमध्ये, तिसऱ्या आणि चौथ्या घराच्या जागी, एक ओला हिरवा गोल.

तिनं आधी अर्चीला फोन केला, मग टेनंटला. अर्चीला यायला अर्धा तास लागला, म्हणून तिनं स्वयंपाकघरातली खुर्ची कुंपणाशी नेऊन ठेवली. टेनंट आला तेव्हा दोघं म्हातारी तिथं, एक खुर्चीत आणि एक उभी, त्या गोलाकडे पाहत होती.

टेनंटनं फोटो काढले. कुंपणातून आत जायला निघाला, तेव्हा नेटानं त्याची बाही धरली.

"आत नको जाऊस, बाळा."

तो गेला नाही.

पुढच्या सोमवारी लांब हात असलेलं यंत्र आलं आणि कडेला उभं राहून त्यानं त्या गोलात भोक पाडायला सुरुवात केली. माती, विटांचे तुकडे, पुन्हा माती. तीन मीटरवर कुजकं लाकूड वर आलं. मग यंत्राच्या टोकाखालचं सगळं एकदम खाली गेलं. गावातले तीसेक लोक कुंपणाशी जमले होते. आत काहीतरी पडत गेल्याचा आवाज आला आणि तो आवाज बराच वेळ थांबला नाही.

कुणी नेटाचं अभिनंदन केलं नाही. केलं असतं तर तिला आवडलंही नसतं. विहीर बुजवायला अकरा दिवस काँक्रीट ओतलं गेलं, भोवती उंच कुंपण आलं. घरं शाळेच्या बाजूला हलली, आणि तिथली जागा लहान, म्हणून आठाची सहा झाली, तीही दोन वर्षं उशिरा. यादीतल्या शेवटच्या दोघांच्या घरचे लोक बरेच महिने नेटाला पाहून रस्ता ओलांडायचे. दुकानात एकदा त्यांतली एक बाई तिच्या मागे उभी होती, ती वळून बाहेर गेली. नेटाला ती पाठ ओळखीची वाटली. तिनं पाव घेतला आणि ती घरी आली.

अर्चीला सहातलं दुसरं घर मिळालं. नेटा दर गुरुवारी सूप घेऊन जायची. पहिला महिनाभर ती बैठकीच्या खोलीत भिंतीला धरून चालायची, मधून नाही. अर्ची तिला पाहून इतका हसायचा की त्याला खोकला यायचा. तो त्या घरात चौदा महिने राहिला. जिना नव्हता, त्यामुळे शेवटच्या आठवड्यापर्यंत तो स्वतःच्या पायांनी पलंगापर्यंत जायचा, आणि ही गोष्ट येणाऱ्या प्रत्येकाला करून दाखवायचा.

त्याच्या अंत्यविधीनंतर काही दिवसांनी नेटाला घरं बांधणाऱ्या संस्थेचं पत्र आलं. नव्या गल्लीच्या तोंडाशी एक दगड बसवायचाय, त्यावर गावातल्या जुन्या माणसांची काही नावं कोरायची आहेत, त्यात तुमचंही नाव घालायला तुमची परवानगी आहे का, असं त्यात विचारलं होतं. खाली फोटोसाठी तारीख होती.

नेटानं पत्र खिडकीपाशी नेलं. पुढून वाचलं, मागून पाहिलं, सही कुणाची आहे ते पाहिलं. मग लॉर्नाला फोन लावला.

"चांगलंच आहे की, आई," लॉर्ना म्हणाली. "हो म्हण."

"त्यांना माझ्याकडून नक्की काय हवंय?"

"काही नको असेल. नुसतं नाव."

नेटानं फोन ठेवला, लिहायचा कागद काढला आणि संस्थेला उत्तर लिहायला बसली. परवानगी आहे की नाही ते तिनं लिहिलं नाही. तिनं त्यांना सहा प्रश्न विचारले, आणि त्यातला पहिला होता, तो दगड नेमका कुठे पुरणार आहात.